प्रतिकृतींवरील गंज

लोखंडावर गंज चढूं नये म्हणून माणूस जन्मभर झटत असतो. विळी वापरून झाली कीं पुसून ठेवावी, तवा ओला ठेवूं नये, पावसाळ्यापूर्वीं खिडकीच्या गजांना रंग द्यावा, ही शिकवण प्रत्येक घरांत असते. सर्वांना नकोशा अशा या वस्तूचें हुबेहूब रूप साधावें म्हणून कोणी रात्रीच्या रात्री जागवाव्या, हें प्रथम ऐकणाराला चमत्कारिक वाटेल. परंतु आगगाड्या, जहाजें, रणगाडे, पूल व इमारती यांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृति करणाऱ्या हौशी कारागिरांना हेंच काम सर्वांत अवघड वाटतें. इंजिनाचा सांगाडा जुळविणें ही हिशेबाची व हातोटीची गोष्ट आहे. त्या इंजिनानें तीस पावसाळे पाहिले आहेत हें रंगाच्या दोन थेंबांनीं पटवून देणें ही निराळीच विद्या होय. या विद्येला स्वतःचा इतिहास आहे, आणि त्याच्या मुळाशीं एक साधा प्रश्न आहे : प्रतिकृतीनें मूळ वस्तु कशी घडली तें सांगावें, कीं त्या वस्तूनें काय भोगलें तेंहि सांगावें ?

हा प्रश्न जेथें सहज डोळ्यांपुढें उभा राहतो असें एक ठिकाण वर्धा जिल्ह्यांत आहे. वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यान सेलू तालुका पसरलेला आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला, तो या तालुक्यांतूनच गेला. सेलू रोड आणि सिंदी हीं या मार्गावरचीं स्टेशनें. त्यांपैकीं सिंदीला लोक आजहि ‘सिंदी रेल्वे’ म्हणूनच ओळखतात. हा सगळा मुलूख काळ्या मातीचा व कापसाचा, आणि म्हणूनच बैलाच्या खांद्यावर उभा असलेला. श्रावणी अमावास्येला येथें पोळा भरतो, आणि दुसऱ्या दिवशीं लहान मुलांचा तान्हा पोळा. मुलें आपापले लाकडी बैल सजवून मिरवीत आणतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांपैकीं दुसरे रघूजी यांनीं सुरू केली असें परंपरा सांगते. सिंदीचा तान्हा पोळा विशेष नांवाजलेला असून तेथें मोठमोठे लाकडी नंदीहि मिरवणुकींत निघतात.

हे लाकडी बैल म्हणजे एका अर्थीं प्रतिकृतीच होत. कान, शिंगें, वशिंड, पोळी, सारें मुळाबरहुकूम असतें. परंतु खऱ्या बैलाची एक खूण त्यांच्यावर नसते. पोळ्याच्या आदल्या दिवशीं शेतकरी बैलाचे खांदे शेकतो आणि त्यांना लोणी व हळद चोळतो. वर्षभर जूं वाहून त्या ठिकाणचें कातडें घट्ट व निबर झालेलें असतें. बैलाची सारी वर्षाची हकीकत त्या घट्ट्यांत लिहिलेली असते. लाकडी बैलाच्या खांद्यावर घट्टा नाहीं. तो गुळगुळीत, रंगीत आणि सदैव नवा असतो. सणाच्या दृष्टीनें तें योग्यच आहे, कारण सणाच्या दिवशीं श्रमाची खूण झांकावयाची असते. परंतु शंभर वर्षांनंतर कोणा अभ्यासकाला केवळ त्या नंदीवरून वऱ्हाड-नागपूरकडील शेतीची कल्पना करावी लागली, तर जूं कोठें बसत असे हें त्याला कळणार नाहीं.

जगांतील जुन्या प्रतिकृति पाहिल्या तर त्याहि बहुधा अशाच सदैव नव्या आढळतात. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडांत आरमारी जहाजांच्या ज्या सुंदर प्रतिकृति बनत, त्यांतून लांकूडकामाची रचना दिसावी हा हेतु असे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानें जहाजाची काय दशा होते हें दाखविण्याशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. पुढें औद्योगिक प्रदर्शनांचा काळ आला, तेव्हां प्रतिकृति ही मालाची जाहिरात आणि ज्ञानाचें साधन अशी दुहेरी झाली. मुंबईच्या राणीच्या बागेंतील संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. १९७५ पासून तें डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथें मातीचे पुतळे, धंद्यांचे देखावे व होड्यांचे लहान नमुने आहेत. धुंडिराज गोविंद फाळके हे चित्रपटांकडे वळण्याच्या पुष्कळ आधीं बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, आणि १८९२ सालीं अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनांत आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालें. आदर्श वस्तूची प्रतिकृति नवीच असणार. जें अजून बांधलेंच गेलें नाहीं तें जुनें कसें होणार?

जुनेपणा मुद्दाम निर्माण करण्याची गरज महाराष्ट्रांत प्रथम भासली ती रंगभूमीवर आणि मग चित्रपटांत. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगविण्यांत नांव मिळवून होते. पडद्यावरील देवळाची भिंत पावसानें काळवंडलेली दिसावी, तटाचे चिरे झिजलेले दिसावे, हें काम कुंचल्याचें. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. त्यानंतर बाबूरावांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं पुढें आणला. रंगविलेल्या पडद्यांच्या जागीं त्यांनीं घन देखावे उभारले. येथें एक नवीच अडचण होती. नाटकाचा प्रेक्षक दूर बसलेला असतो, पण कॅमेरा अगदीं जवळ जातो. कालच ठोकलेली फळी कालचीच दिसते, आणि तेवढ्यानें साऱ्या देखाव्यावरचा विश्वास उडतो. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्यें कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याची अंधारी झोपडी दाखवावयाची होती. तेथें दारिद्र्य पात्रांच्या तोंडून सांगतां येत नव्हतें, कारण चित्रपट मूक होता. तें घराच्या भिंतींना व वस्तूंनाच सांगावें लागलें. वस्तूवरची झीज ही कथेचीच भाषा आहे हा धडा असा या मातींत पुष्कळ आधीं घेतला गेला.

खेळण्यांच्या आगगाड्यांना तो धडा मिळण्यास अधिक वेळ लागला. जर्मनींतील मेर्कलिन कंपनीनें १८९१ सालीं ठराविक मापांच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या बाजारांत आणल्या. त्या पत्र्याच्या, चकचकीत व सुरेख होत्या. मुलाला वाढदिवशीं द्यावयाची वस्तु मळकी कोण करील? परंतु १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत जॉन अहर्न यांनीं ‘मॅडर व्हॅली’ नांवाचा एक काल्पनिक लोहमार्ग बांधावयास घेतला. त्यांत गाड्यांइतकेंच महत्त्व भोंवतालच्या गांवाला, कलत्या भिंतींना आणि जुनाट छपरांना होतें. त्याच सुमारास रॉय इंग्लंड नांवाचे ऑस्ट्रेलियांत जन्मलेले गृहस्थ इंग्लंडच्या एका खोऱ्यांतील जुनीं गवताच्या छपरांचीं घरें डोळ्यांदेखत पालटतांना पाहत होते. तीं घरें वांचविणें त्यांच्या हातीं नव्हतें. म्हणून त्यांनीं त्यांच्या बारीकसारीक खुणांसह प्रतिकृति करण्याचें व्रत घेतलें. त्यांतून १९५४ सालीं पेंडन येथील संग्रहालयाचा उगम झाला, आणि अहर्न यांचा लोहमार्गहि आज तेथेंच जतन केलेला आहे.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें जॉन ॲलन यांनीं ही कला लोकप्रिय केली. ते व्यवसायानें छायाचित्रकार असल्यामुळें प्रकाश वस्तूवर कसा पडतो आणि मळ प्रकाशाला कसा गिळतो हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. त्यांच्या गाड्यांवर धूळ, काजळी आणि गंज असे. त्यांचीं छायाचित्रें मासिकांतून छापून आलीं, तेव्हां नव्या कोऱ्या गाड्यांचे धनी आपल्या गाड्यांकडे संशयानें पाहूं लागले. जानेवारी १९७३ मध्यें त्यांचें निधन झालें, आणि थोड्याच दिवसांत तो लोहमार्ग बहुतांशीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. पुढें बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन, अमेरिकेचे शेपर्ड पेन इत्यादिकांनीं रणगाड्यांच्या प्रतिकृतींत हीच पद्धति रूढ केली. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटांतील अवकाशयानेंहि मळलेलीं व खरचटलेलीं होतीं. जें यान कधीं अस्तित्वांतच नव्हतें, त्यालाहि भूतकाळ देण्यांत आला.

आतां हा गंज रंगवितात कसा, तें पाहूं. त्यासाठीं खरा गंज कसा चढतो हें आधीं जाणावें लागतें. लोखंड, पाणी आणि प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं म्हणजे जलयुक्त लोह-ऑक्साइड तयार होतें, त्यालाच आपण गंज म्हणतों. हवेंतील आर्द्रता सुमारें साठ टक्क्यांच्या वर गेली कीं ही क्रिया जोर धरते, आणि मीठ असेल तर ती अधिकच वेगावते. म्हणून कोंकणच्या बंदरांतील नांगर आणि वर्ध्याच्या माळावरची मालवाहू वाघीण एकाच तऱ्हेनें जुनीं होत नाहींत. बंदरांत खाऱ्या हवेनें लोखंडाचे पापुद्रे सुटतात. वर्ध्याकडे वर्षांतील पुष्कळ महिने हवा कोरडी असते. तेथें प्रथम ऊन रंगाला मारतें, तो फिका व भुकटीसारखा होतो, आणि मग पावसाळ्याचे चार महिने उघड्या पडलेल्या जागा शोधून गंज आपलें काम करतो. त्यावर काळ्या मातीचा चिखल उडतो आणि वाळून राखाडी होतो. दोन्हींकडे एकच तांबूस रंग फांसणारा कारागीर भूगोल चुकतो.

गंज कोठें चढतो हेंहि ठरलेलें असतें. पाणी जेथें साचतें तेथें, म्हणजे पत्र्याच्या खालच्या कडेला, रिव्हेटांच्या भोंवतीं, सांध्यांत आणि दाराच्या खोबणींत. तेथून तो ओघळत खालीं येतो, कारण पाणी खालीं येतें. उलट, जेथें माणसाचा हात रोज लागतो तेथें तो चढत नाहीं. इंजिनावर चढतांना धरावयाचा दांडा चकाकतो. रुळाची बाजू तांबूस असते, पण चाकाखालचा माथा आरशासारखा असतो. ताजा गंज नारिंगी दिसतो, जुना गडद तपकिरी. बॉयलरच्या सांध्यांतून वाफ गळत असेल तर तेथें पांढरे क्षार जमतात. ही प्रत्येक खूण पाणी, ऊन अथवा माणूस यांपैकीं कोणाची तरी सही असते.

रंगविण्याची सामग्री मात्र आपल्या घरांत पूर्वापार आहे. अंगणांतील तुळशीवृंदावनाला लावावयाचा गेरू म्हणजे लोह-ऑक्साइडच. भिंतीची पिवडी हीहि लोहयुक्त माती. ती भाजली कीं तांबडी होते. इटलींतील सिएना गांवाच्या नांवानें विकली जाणारी तपकिरी माती याच कुळांतली. म्हणजे गंजाचें चित्र गंजाच्याच भावंडांनीं काढतां येतें. आणखी एक गंमत अशी कीं, खिडकीचे गज गंजूं नयेत म्हणून त्यांना जो तांबडा ‘रेड ऑक्साइड’ लावतात, तोहि लोह-ऑक्साइडच होय. एकच द्रव्य, तेलांत बांधून घेतलें तर राखणदार होतें आणि मोकळें सोडलें तर चोर होतें.

प्रत्यक्ष कृतीचे प्रकार अनेक आहेत. एका रीतींत प्रतिकृतीला आधीं गडद तपकिरी रंग देतात, तो वाळल्यावर पाण्यानें ओलावून त्यावर मिठाचे कण चिकटवितात, वरून गाडीचा मूळ रंग फवारतात, आणि शेवटीं मीठ झाडून टाकतात. जेथें कण होते तेथें वरचा रंग सुटून खालचा गंज डोकावतो. दुसऱ्या रीतींत अगदीं पातळ केलेला गडद रंग खांचांतून सोडतात. तिसरींत कुंचला जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून हलकेच फिरवितात, म्हणजे कडा झिजल्यासारख्या दिसतात. बारीक टवके दाखवावयास स्पंजाचा तुकडा पुरतो. शेवटीं मातीची वस्त्रगाळ पूड बोटानें किंवा कुंचल्यानें लावतात.

या सर्वांत सावधगिरी हवी ती प्रमाणाची. आगगाडीच्या प्रतिकृतींत पुष्कळ प्रचलित असलेलें प्रमाण एकास सत्याऐंशीं आहे. तेथें एक मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ नऊ सेंटिमीटरचें भगदाड. हात किंचित् जड पडला कीं दहा वर्षांचें इंजिन शंभर वर्षांचें भंगार होतें. रंगाचेंहि तसेंच. दूरची वस्तु फिकी दिसते. म्हणून लहान प्रतिकृतीवर खरा रंग जसाच्या तसा लावला तर तो डोळ्याला भडक वाटतो आणि थोडा फिका करून घ्यावा लागतो.

येथवर ही कारागिरी झाली. परंतु तिचा खरा कस इतिहासाच्या संदर्भांत लागतो, आणि त्यासाठीं पुन्हां वर्धा जिल्ह्याकडे वळलें पाहिजे. मुख्य लोहमार्गाला कापूस पुरविण्यासाठीं या भागांत अरुंद रुळांचे फांटे काढण्यांत आले. शेजारच्या यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारा, ‘शकुंतला’ या लाडक्या नांवाचा फांटा १९०३ सालचा. वर्धा जिल्ह्यांतील पुलगांव-आर्वी फांटा १९१७ चा. शकुंतलेच्या गाडीला १९२३ पासून मँचेस्टरचें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन जोडलें जात असे, तें एप्रिल १९९४ मध्यें निवृत्त होऊन त्याच्या जागीं डिझेल इंजिन आलें. आतां या दोन्ही फांट्यांवरील जुन्या गाड्या थांबल्या आहेत. ज्यांनीं त्यांतून प्रवास केला ती पिढीहि हळूहळू कमी होत आहे.

अशा वेळीं स्मृति जपण्याचें काम संग्रहालयांकडे येतें. नागपुरास मोतीबाग येथें अरुंद रुळांच्या गाड्यांचें संग्रहालय डिसेंबर २००२ मध्यें उघडलें. पुण्यास कोथरूड येथें भाऊसाहेब जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून आबालवृद्धांना चालत्या गाड्यांची नगरी दाखवीत आलें आहे. स्टेशनांबाहेर चौथऱ्यांवर उभीं केलेलीं जुनीं इंजिनें आपण ठिकठिकाणीं पाहतों. उघड्यावरच्या खऱ्या इंजिनाला रंग देत राहणें भागच आहे, नाहीं तर तें उरणारच नाहीं. परंतु त्या तकतकीत काळ्या रंगाखालीं वाफेचे डाग, कोळशाची काजळी, तेलाचे ओघळ, सारें बुजून जातें. इंजिन वांचतें, त्याची हकीकत मात्र जाते. जें सत्य मूळ वस्तूवर ठेवतां येत नाहीं, तें लहान प्रतिकृतीवर ठेवतां येतें. या खटाटोपाचें खरें मोल तेथें आहे.

मात्र तेथेंच दुसरा धोकाहि आहे. गंज रंगविण्याची हातोटी साधली कीं तो सर्वत्र रंगविण्याचा मोह होतो. मग भूतकाळांतील प्रत्येक गाडी मोडकळीस आलेली, प्रत्येक स्टेशन ओसाड आणि प्रत्येक पत्रा सडलेला दिसूं लागतो. हें चित्र लकाकत्या चित्राइतकेंच खोटें आहे. वाफेच्या काळीं इंजिन पुसणें, तेल घालणें, राख काढणें हें रोजचें काम होतें आणि त्यासाठीं माणसें नेमलेलीं असत. पहांटेच्या अंधारांत चिंध्यांचा बोळा घेऊन जो माणूस इंजिनाचे दांडे घांशी, त्याच्या श्रमाची साक्ष त्या दांड्यांची चकाकी देई. त्या चकाकीवर गंज रंगविणारा कारागीर त्याच्या नकळत त्या माणसाचें नांव पुसून टाकतो. म्हणून कुंचला उचलण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न ‘गंज कसा काढावा ?’ हा नव्हे. ‘कोणतें साल, कोणता महिना, आणि हिची निगा कोण राखीत होतें ?’ हा होय. १९१७ सालीं आर्वीला पहिल्यानें आलेली वाघीण आणि तीच वाघीण अखेरच्या वर्षांत, या दोन निराळ्या वस्तु आहेत. जुनीं छायाचित्रें पाहून, निवृत्त कामगारांना विचारून, शेतांत पडून असलेल्या एखाद्या डब्यावर पाण्याचा ओघळ कसा उतरला आहे तें न्याहाळून, मगच हा निर्णय करावा लागतो. इतिहासकाराला कागदपत्रांची जी पारख लागते, तीच येथें डागांची लागते.

तान्ह्या पोळ्यांतील बैल नवाच असावा. मुलाच्या हातांत देण्याची वस्तु ती. पण ज्या प्रतिकृतीला गेलेल्या काळाची साक्ष द्यावयाची आहे, तिच्या खांद्यावर जुवाची खूण असलीच पाहिजे. ती जेथें होती तेथें असावी आणि जेवढी होती तेवढीच असावी. तिच्यांत कमी केलें तर श्रम लपतात, वाढविलें तर निगा लपते. गेरूच्या चिमटीएवढ्या या कामांत दोघांनाहि न्याय देतां येतो, आणि जिच्या गाड्या थांबल्या अशा लोहमार्गाला एवढा न्याय मिळणेंहि थोडें नाहीं.